वाढत्या अंगाची पँट

दुपारचं आवरून रेडिओजवळ बसलात ना? बसला नसाल तरी चालेल, हातातलं काम चालू राहू द्या. आज आपण लहान लेकराची साधी पँट घरी कशी बेतायची आणि कशी शिवायची, ते बघणार आहोत. चेन नाही, बटण नाही, खिसा नाही. कमरेला इलॅस्टिक आणि दोन पाय, एवढीच. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या आणि मापं लिहून ठेवा.

तुम्ही म्हणाल, पँटीत काय शिकायचं? आम्हालाही असंच वाटलं होतं. आमच्या गटात पाच जणींकडे पायमशीन आहे. ब्लाउज, परकर, फॉल-पिको सगळ्या करतात. म्हणून बैठकीत ठरवलं, लहान मुलांच्या पँटी शिवून आठवडी बाजारात विकायच्या. गटाकडून १५०० रुपये अंतर्गत कर्ज काढलं, कापड आणलं, वीस पँटी शिवल्या. एका रविवारी चौदा खपल्या. आम्ही घरी येताना वडापाव खाल्ला, इतका आनंद झाला होता. पुढच्या रविवारी त्यातल्या नऊ परत आल्या. सगळ्या आयांची तक्रार एकच. लेकरू उभं असलं की पँट झकास, खाली बसलं की मागून उघडी. एका आजीने तर आमच्यासमोरच नातवाला उकिडवं बसवून दाखवलं. आम्हाला बोलायला जागाच राहिली नाही.

चूक आमचीच होती. आम्ही मापं उभ्या मुलाची घेतली आणि पुढचा-मागचा भाग एकसारखा कापला. आपलं लेकरू मात्र दिवसभर उकिडवं बसतं. मातीत खेळतं, गोट्या खेळतं, शी-शूला बसतं. बसलं की मागचा भाग ताणला जातो, पुढचा सैल पडतो. म्हणून पँटीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच आणि रुंद लागतो. आजच्या बोलण्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कापड कोणतं घ्यायचं

कापड सुतीच घ्या. पॉपलीन, मांजरपाट, जुनं सुती लुगडं, धोतर, आजोबांचा सदरा, काहीही चालेल. आपल्याकडे बाळाची झबली, दुपटी, लंगोट जुन्या लुगड्याचीच व्हायची. धुऊन धुऊन ते मऊ झालेलं असतं आणि अंगाला टोचत नाही. जुनं कापड घेताना उजेडासमोर धरून बघा. जिथून उजेड जास्त येतो तिथे ते विरलेलं आहे. तेवढा भाग सोडा.

चकचकीत पॉलिस्टर स्वस्त मिळतं, लवकर वाळतं, पण लहान मुलाला नको. एक तर ते घाम शोषत नाही, मांड्यांना घामोळं येतं. दुसरं, आपल्या घरात चूल आहे, शेकोटी आहे. सुती कापडही पेटतं, पण पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. दुकानात कापड ओळखू आलं नाही तर घरी एक धागा काढून बघा. चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा, लेकरांना लांब ठेवा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि शेवटी टणक मणी राहतो.

एवढं सांगितलं तर हेही सांगून ठेवतो. कुणाच्या लेकराला भाजलंच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी सोडा. चिकटलेलं कापड ओढू नका. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका. स्वच्छ कापडाने झाकून लगेच दवाखान्यात न्या.

नवं सुती कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आधी आटू दिलं नाही तर शिवलेली पँट आटते, आणि ती मग धाकट्याच्याच कामाला येते.

मापं चार

आपण साधारण दोन वर्षांच्या मुलाचं माप धरून चालू. तुमचं लेकरू लहान-मोठं असेल तर त्याचं माप घ्या. वयावर जाऊ नका, दोन वर्षांची दोन मुलं कधी सारखी नसतात. मुलाला लंगोट किंवा चड्डी असेल तर ती अंगावर ठेवूनच माप घ्या.

पहिलं माप पोटाचं. पँट जिथे बसणार, म्हणजे बेंबीच्या जरा खाली, तिथला घेर. आपण १९ इंच धरू.

दुसरं सीटचं. ढुंगणाच्या सगळ्यात फुगीर भागावरून घेर. टेप आवळू नका. हे २० इंच धरू.

तिसरं आसनाचं. लेकराला पाटावर सरळ मांडी न घालता, पाय पुढे सोडून बसवा. कमरेपासून पाटापर्यंत बाजूने मोजा. ७ इंच आलं, तर त्यात एक इंच मिळवून ८ इंच आसन धरायचं.

चौथं उंचीचं. कमरेपासून घोट्यापर्यंत, बाजूने. १९ इंच धरू.

लेकरू एका जागी थांबत नाही, हे आम्हाला माहीत आहे. हातात भाकरीचा तुकडा द्या, किंवा झोपलेलं असताना पोटाचं आणि उंचीचं माप घेऊन टाका.

आधी कागद, मग कापड

थेट कापडावर कात्री चालवू नका. वर्तमानपत्राचा मोठा कागद घ्या. चुकलं तर रद्दीच वाया जाईल.

कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारा, १९ इंचांची. ही पँटीची बाजू. आपल्या पँटीला बाजूला जोड नाही, एका पायाला एकच तुकडा. रेघेच्या डाव्या हाताला पुढचा भाग, उजव्या हाताला मागचा भाग. कागदावर तसं लिहूनच ठेवा. रेघेचं वरचं टोक म्हणजे कंबर. तिथून ८ इंच खाली एक आडवी रेघ मारा, ती आसनाची. अगदी खालची आडवी रेघ मोहरीची.

आता रुंदी. सीटच्या मापाचा चौथा भाग काढा. वीसचा चौथा भाग पाच. पुढच्या भागाला पाच अधिक एक, म्हणजे ६ इंच. मागच्या भागाला पाच अधिक दीड, म्हणजे साडेसहा इंच. कमरेच्या रेघेवर मधल्या रेघेपासून डावीकडे ६ आणि उजवीकडे साडेसहा इंचांवर खूण करा.

आसनाच्या रेघेवर याच्याही बाहेर जायचं आहे. पुढे दीड इंच जास्त, म्हणजे मधल्या रेघेपासून साडेसात इंच. मागे अडीच इंच जास्त, म्हणजे ९ इंच. हे वाढवलेले कोपरेच दोन पायांच्या मधून जातात.

आता मागचा भाग उंच करा. मागच्या कमरेची खूण जिथे आहे तिथून दीड इंच वर नवी खूण करा आणि तिथून मधल्या रेघेच्या टोकापर्यंत तिरकी रेघ ओढा. पुढची कमर सरळच राहू द्या. हाच तो दीड इंच, जो आम्ही पहिल्या वेळी विसरलो होतो.

मग गोलाई. पुढे कमरेच्या खुणेपासून साधारण पाच इंच सरळ खाली या आणि तिथून आसनाच्या कोपऱ्याकडे वळवा. मागेही तसंच, पण वळण मोठं. वाटीच्या काठासारखं वळण द्या, काटकोन नको. काटकोनात कापलं की तिथेच काचतं आणि तिथेच उसवतं.

मोहरीच्या रेघेवर मधल्या रेघेपासून पुढे ५ आणि मागे ६ इंचांवर खुणा करा. आसनाचे कोपरे या खुणांना सरळ रेघेने जोडा. पायाचा आकार तयार झाला.

कापण्याआधी एक तपासणी. लेकराला उकिडवं बसवा. पुढे बेंबीखालून, दोन पायांमधून, मागच्या कमरेपर्यंत एक दोरा धरा आणि तो मोजा. आता कागदावरची पुढची गोलाई आणि मागची गोलाई दोऱ्याने मोजून बेरीज करा. कागदाची बेरीज लेकराच्या मापापेक्षा निदान एक इंच जास्त हवी. कमी भरली तर मागची उंची अर्धा इंच वाढवा आणि पुन्हा मोजा.

सगळं जमलं की शिलाईची जागा सोडा. गोलाईला आणि पायाच्या आतल्या बाजूला अर्धा-अर्धा इंच. वर नेफ्यासाठी सव्वा इंच. खाली अडीच इंच. खाली अडीच कशाला, ते पुढे सांगतो. नेफ्याची आणि मोहरीची ही वाढीव जागा तिरकी नको, सरळ ठेवा. नाहीतर दुमडताना कापड कमी पडतं.

कापड बेतणं

आपला कागद आता सगळ्यात रुंद जागी साडेसतरा इंच आणि लांबीला साधारण साडेचोवीस इंच झाला. छत्तीस इंच पन्ह्याचं कापड असेल तर दोन्ही पाय शेजारी शेजारी बसतात. म्हणजे एका पँटीला पाऊण मीटर कापड पुरून उरतं.

कापडाची सुलट बाजू आत ठेवून ते पन्ह्यात दुमडा, कागद वर ठेवा, टाचण्या लावा आणि दोन्ही थर एकदम कापा. असं केलं की एक डावा आणि एक उजवा पाय आपोआप मिळतो. सुटा-सुटा तुकडा कापला तर दोन्ही पाय एकाच बाजूचे निघतात. आमच्या एका ताईंचे निघाले होते. मग त्यांनी आणखी दोन कापले आणि एकाऐवजी दोन पँटी केल्या, पण ते दरवेळी परवडत नाही. मधली उभी रेघ कापडाच्या किनारीला समांतर ठेवा. कागद तिरका ठेवला तर धुतल्यावर पाय पिळतो.

मागच्या भागावर खडूने फुली मारून ठेवा.

शिवणं

पहिली पायरी. एक पाय घ्या, सुलट बाजू आत ठेवून उभा दुमडा आणि पायाची आतली बाजू आसनाच्या कोपऱ्यापासून मोहरीपर्यंत शिवा. दुसराही तसाच. दोन नळ्या तयार होतील.

दुसरी पायरी. एक नळी सुलटी करा आणि उलट्या नळीच्या आत घाला. आता दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर आल्या. पुढचं पुढच्याला, मागचं मागच्याला आलंय का, फुली बघून खात्री करा. दोन्ही पायांच्या शिलाया मध्यभागी एकमेकींवर आणा आणि टाचणी लावा. मग पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत सगळी गोलाई एका दमात शिवा. त्याच शिलाईवर दुसरी टीप मारा. लेकराच्या पँटीत सगळ्यात जास्त ताण इथेच येतो.

कडा सुटू नयेत म्हणून झिगझॅग मशीन असेल तर मारा. नसेल तर हाताने कडेवरून तिरके टाके घाला. आतली शिलाई जाड किंवा टोचरी राहू देऊ नका. बोट फिरवून बघा. तुमच्या बोटाला टोचलं तर लेकराच्या मांडीला टोचणारच.

तिसरी पायरी नेफ्याची. वरची कड पाव इंच दुमडा, मग एक इंच दुमडा आणि टीप मारा. मागच्या बाजूला दोन इंच जागा उघडी ठेवा. पाऊण इंच रुंदीचं इलॅस्टिक घ्या. किती लांब? पोटाच्या मापातून दीड इंच वजा करा आणि जोडासाठी एक इंच मिळवा. १९ मधून दीड गेले साडेसतरा, अधिक एक, साडेअठरा इंच. टोकाला सेफ्टी पिन लावून ओवा. दुसरं टोक आत ओढलं जाऊ नये म्हणून तिथेही पिन अडकवा. इलॅस्टिकला पीळ पडला नाही ना ते बघा. दोन्ही टोकं एक इंच एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारा. नेफा बंद करण्याआधी पँट लेकराला घालून बघा. कमरेत तुमची दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पोटावर लाल वळ उठत असेल तर इलॅस्टिक सैल करा. मग उघडी जागा शिवून टाका.

नाडी घालू का, असं बऱ्याच जणी विचारतात. लहान लेकराला नको. लोंबणारी नाडी कुठेही अडकते, आणि गाठ बसली की लेकराला सुटत नाही. आमच्या एका ताईंचा नातू अंगणवाडीत जायला रडायचा. कारण कळेना. शेवटी सेविकाताईंनी सांगितलं, त्याला पँटीचं बटण काढता येत नाही, तोवर पँट ओली होते आणि पोरं हसतात. ताईंनी इलॅस्टिकच्या दोन पँटी शिवल्या. पोरगं स्वतः पँट खाली करायला आणि वर ओढायला शिकलं. आठवड्याभरात रडणं थांबलं.

चौथी पायरी मोहरीची. आपण खाली अडीच इंच सोडलेत. त्यातल्या एका इंचाची दुमड मशीनवर मारा, आधी पाव आणि मग पाऊण इंच. उरलेला दीड इंच आत वळवून हाताने धावदोरा घाला, लांब लांब टाके. लेकरू वाढलं की धावदोरा उसवायचा आणि पँट दीड इंच लांब. आपल्या आज्या मुद्दाम वाढत्या अंगाचा कपडा शिवायच्या, तो हाच हिशोब.

शेवटी मागच्या कमरेला आतून रंगीत दोऱ्याचे दोन टाके घाला. म्हणजे मागची बाजू कोणती, हे घाईत पण कळतं.

मशीन नसेल तर ही पँट हातानेही होते. साध्या धावदोऱ्यावर विसंबू नका. प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे आणून पुढे काढा, तो टाका पक्का बसतो. गोलाईला असे टाके दोनदा घाला. दोन दुपारी जातील, पण पँट टिकेल.

पहिल्या वीस पँटींचं काय झालं

परत आलेल्या नऊ आणि न खपलेल्या सहा, अशा पंधरा पँटी आमच्याकडे पडून होत्या. फेकून देणं शक्य नव्हतं, कर्ज डोक्यावर होतं. आम्ही सगळ्यांचा मागचा नेफा उसवला. त्याच रंगाच्या कापडाची पाचरीसारखी पट्टी कापली, मधे उंच, दोन्ही बाजूंना निमुळती. ती मागे जोडून पुन्हा नेफा केला. तुमच्या घरात अशी मागून घसरणारी पँट असेल तर ही दुरुस्ती करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

पहिल्या पाच पँटी ९० रुपयांनी गेल्या होत्या, त्याचे ४५०. दुरुस्त केलेल्या पंधरा ७० रुपयांनी दिल्या, त्याचे १०५०. एकूण १५००. मुद्दल फिटलं, व्याज आम्ही आपल्या खिशातून भरलं. मासिक बैठकीत हा हिशोब मांडताना मान खाली होती. पण तेव्हाच एका मैत्रिणीने विचारलं, "आणि आपली मजुरी कुठे धरलीय?"

धरलीच नव्हती. एका पँटीला कापड ६० रुपयांचं, इलॅस्टिक-दोरा १० रुपयांचा, विकायची ९० ला, म्हणजे २० रुपये सुटले, असं आम्ही म्हणत होतो. आमचा दीड तास त्या वीस रुपयांत गेला होता. तोच दीड तास खुरपणीला गेलो असतो तर कुणी वीस रुपयांवर बोळवण केली असती का?

म्हणून आता आम्ही असा हिशोब करतो. गावात खुरपणीची जी मजुरी आहे तिला कामाच्या तासांनी भागतो. समजा ३०० रुपये आणि सहा तास, म्हणजे तासाला ५० रुपये. दीड तासाचे ७५. कापडही सुटं न घेता दहा पँटींचं एकदम बेततो. सुटं घेतलं तर साडेसात मीटर लागतं, एकदम बेतलं तर साडेसहा मीटरमध्ये भागतं. म्हणजे ८० रुपये मीटरने एका पँटीला कापड ५२ रुपयांचं. इलॅस्टिक-दोरा १०, मजुरी ७५. झाले १३७. आम्ही १५० सांगतो आणि १४० च्या खाली देत नाही. तुमच्या बाजारात भाव वेगळे असतील, आकडे तुमचे घाला. फक्त मजुरीचा रकाना रिकामा सोडू नका. घरच्या लेकरासाठी शिवलं तरी तो लिहा. आपण किती कमावलं नाही, पण किती वाचवलं, ते घरातल्यांनाही दिसू द्या.

गिऱ्हाईक म्हणतं, बाजारात शंभरला मिळते. आम्ही वाद घालत नाही. लेकराला आमची पँट घालतो आणि तिथेच, दुकानासमोर, उकिडवं बसवतो. मग त्याच्या आईला म्हणतो, "ताई, आता मागून बघा."

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक जुनं लुगडं किंवा सदरा शोधा, कागदावर आकार काढा आणि एक पँट शिवून बघा. पहिली थोडी वाकडी झाली तरी घरात घालायला होईल. शिवलीत की पुढच्या गटाच्या बैठकीला घेऊन या, आणि ज्याची पँट आहे त्यालाही आणा. बसवून बघूया.